काळा धूर दिसला म्हणून लगेच पंपाला हात लावू नका

दसऱ्याच्या आसपास, गळीत हंगाम तोंडावर आला, की कराडच्या आमच्या डिझेल पंप-नोझलच्या दुकानात ट्रॅक्टरवाल्यांची रीघ लागते. बहुतेकांची मागणी एकच असते : "ताई, पंप जरा वाढवा. ओढ कमी झालीय." पंप वाढवणं म्हणजे जास्तीत जास्त डिझेल किती जावं, हे ठरवणारा सीलबंद स्क्रू सैल करून प्रत्येक फटक्याला जादा डिझेल सोडणं. दोन ट्रॉल्या ऊस घेऊन चढ चढताना त्या दिवशी ट्रॅक्टर जोरात वाटतो, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो आणि मालकाला वाटतं, आता कशी ताकद आली. तो काळा लोट म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेलं, अर्धवट जळून बाहेर पडलेलं डिझेल आहे. ते पिस्टनच्या रिंगांत काजळी भरतं, ऑइल काळं-पातळ करतं आणि मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या तोडणी कामगारांच्या छातीत जातं.

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून मी वडिलांच्या हाताखाली टेस्ट बेंचवर उभी राहिले. तेव्हा त्यांनी घालून दिलेला क्रम मी आजही मोडत नाही : आधी हवा, मग डिझेल, मग नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक), मग टायमिंग (डिझेल उडण्याची वेळ) आणि सगळ्यात शेवटी पंप. यातलं बरंचसं काम तुम्ही घरच्या घरी करू शकता. कुठे थांबायचं आणि दुकानात यायचं, तेही पुढे सांगते. हे सगळं साध्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आणि शेतावरच्या ऑइल इंजिनासाठी आहे. कॉमन रेलचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर डिझेल उडवणाऱ्या नव्या इंजिनांचं, वेगळं आहे, ते शेवटी येईल.

आत नेमकं काय घडतं, ते एकदा आकड्यांत बघा. किर्लोस्करचं एव्ही-1 हे पाच एचपीचं, एका सिलिंडरचं इंजिन आपल्याकडे विहिरीविहिरीवर होतं, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. ते मिनिटाला 1500 फेरे मारतं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा डिझेल उडतं, म्हणजे मिनिटाला 750 वेळा आणि तासाला 45,000 वेळा. पूर्ण लोडला तासाला लिटर-सव्वा लिटर डिझेल जातं असं धरलं, तर एका वेळी उडणारं डिझेल 25 घन मिलिमीटरच्या आसपास, पाण्याच्या थेंबाच्या निम्मं. आणि ते उडायला वेळ मिळतो सेकंदाचा पाचशेवा भाग. तेवढ्यात त्या अर्ध्या थेंबाचे केसाहून बारीक कण व्हायला हवेत आणि साडेसोळाव्या हिश्श्यात दाबून लालबुंद तापलेल्या हवेत ते सगळीकडे पसरायला हवेत. कण मोठे पडले की वरचा थर जळतो आणि आतला गाभा कोळसा होऊन बाहेर येतो. काळा धूर तो हाच.

हवेपासून सुरुवात करायची, कारण तिथे खर्च नाही. एक लिटर डिझेल पुरतं जळायला किमान 10,000 लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला प्रत्यक्षात याहून बरीच जास्त द्यावी लागते. हवा अडली तर जगातला सर्वांत भारी नोझलसुद्धा काळाच धूर काढणार. उसाच्या फडात पाचटाचा भुसा आणि माती इतकी उडते की एअर क्लीनर आठवड्यात गच्च होतो. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ क्लीनर असतो. खालची वाटी काढा, तळाशी गाळाचा जाड थर बसला असेल तर तेल फेकून वाटी रॉकेलने धुवा आणि नवं तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कागदी एलिमेंट असेल तर आतून बाहेर हवा मारा, तीही कमी दाबाने. जोरात मारली तर कागद फाटतो आणि माती थेट लायनरमध्ये जाते. क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होज हाताने पिळून बघा, भेग आतल्या वाकणात लपलेली असते. याच वेळी टॅपेटचं अंतरही (व्हॉल्व्हजवळची मोकळी फट) मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे करून घ्या.

धुराच्या रंगावरूनही बरंच कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, किंवा कण जाडे. निळसर धूर ऑइलचा. तो रिंगांचा किंवा व्हॉल्व्हचा विषय आहे, त्यासाठी माझ्याकडे येऊन उपयोग नाही. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय : टायमिंग मागे गेलंय, कॉम्प्रेशन बसलंय किंवा नोझल गळतोय. थंडीत सकाळी पहिला मिनिटभर पांढरा धूर आला तर घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर मात्र बघायला हवं.

आता डिझेल. पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात चालतो ती नळी), तसंच नोझलची सुई आणि बॉडी, यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण तिथे खडकासारखा घासतो. म्हणून डिझेल कॅनमधून ओतण्याआधी कॅन एक रात्र हलवू नका आणि तळातलं चार बोटं डिझेल टाकीत घालू नका. ओतताना नुसतं नरसाळं नको, वर बारीक जाळी हवी. साठवायला पत्र्याचं जस्त लावलेलं पिंप वापरू नका. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते आणि तो गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरा. रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्रीच्या गारव्याने पाणी होऊन तळाशी बसते आणि प्लंजरला गंज चढवते. वॉटर सेपरेटरचा किंवा पहिल्या फिल्टरचा खालचा बूच रोज सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, सैल करून पाणी काढा. स्वच्छ डिझेल आलं की बंद करा.

रॉकेलची भेसळ हा माझा संतापाचा विषय आहे. प्लंजरला आणि नोझलच्या सुईला वेगळं वंगण नसतं, ते डिझेलच्याच चिकटपणावर चालतात. 1 एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत जास्तीत जास्त दहा भाग असतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून त्यात तो भरून काढणारं रसायन घातलेलं असतं. त्यात रॉकेल ओतलं की तो सगळा हिशोब बिघडतो. रॉकेलवर चाललेला प्लंजर मी उजेडात धरून गिऱ्हाइकाला दाखवते : आरशासारख्या चकचकीत अंगावर उभ्या राखाडी रेघा उमटलेल्या असतात. असा एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलची जोडी, बदलण्याखेरीज उपाय नाही.

फिल्टर बदलला की लाइनमध्ये एअर धरते आणि ती नीट काढली नाही तर इंजिन मिसिंग करत राहतं. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारा, फेस जाऊन सलग धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग दुसऱ्या फिल्टरचा, मग पंपावरचा. शेवटी इंजेक्टरकडचे पाइपांचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की एकेक आवळा. क्रम टाकीकडून इंजेक्टरकडेच हवा, उलटा केला तर एअर परत पुढे येते.

एवढं करून धूर तसाच असेल तर नेमका कोणता सिलिंडर त्रास देतोय ते शोधा. इंजिन मंद रेसवर ठेवा. एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट चिंधी गुंडाळून सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल मिळणार नाही. इंजिनाचा आवाज पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात फरकच पडला नाही, किंवा उलट धूर कमी झाला, तर चोर तिथेच आहे. डोळ्यांवर चष्मा लावा आणि हाताचा तळवा नटासमोर आणू नका.

इंजेक्टर काढण्याआधी आजूबाजूची जागा ब्रशने आणि डिझेलने धुऊन काढा. नाहीतर इंजेक्टर उचलला की माती थेट सिलिंडरमध्ये पडते. पाइप सुटले की दोन्ही तोंडांना लगेच बूच किंवा स्वच्छ प्लास्टिक बांधा. इंजेक्टर निघाला की त्याच्या खालचा तांब्याचा वॉशर निघाला का, ते बॅटरी मारून बघा. जुना वॉशर भोकात चिकटून राहतो आणि वरून नवा घातला जातो. मग नोझलचं टोक वॉशरभर वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेला लागतो आणि नवाकोरा नोझल घालूनही धूर तसाच राहतो. वॉशर दर वेळी नवा घाला, आणि एकच घाला.

इथून पुढचं काम नोझल टेस्टरचं. मसूरकडचे एक नाना त्यांच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे इंजेक्टर पिशवीत घालून घेऊन आले होते, सोबत पंपही काढून आणलेला. पंप मी बाकावर बाजूला ठेवला आणि पहिला इंजेक्टर टेस्टरला जोडला. टेस्टर म्हणजे दांड्याचा हातपंप आणि वर दाबाचं घड्याळ. दांडा सावकाश दाबला की काटा चढतो. चांगला नोझल ठरलेल्या दाबाला करकर आवाज करत उघडतो आणि प्रत्येक भोकातून सारख्या लांबीचा, धुक्यासारखा फवारा सुटतो. नानांचा पहिला तसाच होता. दुसऱ्याचा दाब जवळपास 40 बार (बार हे दाबाचं माप) उतरलेला, स्प्रिंग थकलेली. तिसऱ्यातून चारऐवजी तीनच फवारे आले, त्यातला एक पिचकारीसारखा सरळ. आणि दांडा सोडल्यावर टोकाला एक थेंब फुगत गेला, लोंबला, पडला, पुन्हा फुगला. नाना तो थेंब बघत म्हणाले, "हाच काय माझा धूर?" म्हटलं, "हाच नाना, आणि ओढही यातच गेली." दुसऱ्याचा दाब शिम (पातळ चकती) घालून बसवला, तिसऱ्याचा नोझल बदलला आणि पंप जसा आला तसा परत दिला.

टेस्टरवर मी काय बघते ते तुम्हीही समोर उभं राहून बघा, कोणताही भला कारागीर नाही म्हणणार नाही. उघडण्याचा दाब कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुन्या मेकॅनिकल इंजेक्टरचा तो साधारण 180 ते 250 बारच्या दरम्यान असतो. तीन-चार सिलिंडर असतील तर सगळ्यांचा सारखा हवा, नाहीतर इंजिन लंगडतं. मग उघडण्याच्या दाबाच्या 20 बार खाली काटा धरून दहा सेकंद थांबायचं. टोक कोरडं राहिलं तर सुई सीटवर नीट बसतेय. ओलं झालं, थेंब आला, तर गळती आहे. गळणारा नोझल इंजिनात सावकाश टपटपतो, ते डिझेल उशिरा जळतं, टोकाभोवती कोळशाची गाठ धरते आणि ती गाठ पुढे उरलेले फवारेही वाकवते.

एक इशारा, तो कृपा करून हलक्यात घेऊ नका. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर बोट आणू नका. 200 बारचा फवारा कातडीतून आत शिरतो. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट सडतं. असं झालं तर मलम लावून घरी थांबायचं नाही. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, की दाबाखालचं डिझेल आत गेलंय.

नोझल साफ करताना पितळी ब्रश, लाकडाची काडी आणि स्वच्छ डिझेल, एवढंच वापरा. भोकं 0.2 ते 0.3 मिलिमीटरची असतात. दाभण किंवा स्टीलची तार घातली की गोल भोक लांबट होतं आणि नोझल कायमचा गेला. सुई आणि बॉडी एकमेकांसाठी घासून जमवलेली जोडी असते, एकाची सुई दुसऱ्यात घालायची नाही. म्हणून मी एका वेळी एकच उघडते. साफ झाल्यावर सुई डिझेलमध्ये बुडवून बॉडीत घाला, बॉडी तिरकी धरा, सुई एक तृतीयांश बाहेर ओढा आणि सोडा. स्वतःच्या वजनाने घरंगळत तळापर्यंत गेली तर ठीक. अडकत गेली तर पुन्हा धुवा, तरी अडकली तर बदला. पॉलिश पेपर मारून सुई 'मोकळी' करणारे लोक आहेत, त्यांच्यापासून नोझल वाचवा. नाशिकच्या सातपूरला बॉशचा कारखाना आहे, ज्याला आपण सगळे अजून मायकोच म्हणतो. तिथे हेच नोझल आणि इंजेक्टर बनतात. मायक्रॉनमध्ये मोजून केलेलं काम सँडपेपरने सुधारत नसतं.

परत बसवताना दोन्ही नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. एका बाजूने गच्च केला की इंजेक्टर तिरका बसतो आणि सुई जाम होते. आणि पंपापासून निघालेले ते वेडेवाकडे वळवलेले पाइप उगीच लांब वाटले तरी कापू नका. सगळ्या सिलिंडरांचे पाइप सारख्या लांबीचे ठेवायचे म्हणूनच ते तसे वळवलेले असतात. एक आखूड झाला की त्या सिलिंडरला डिझेल लवकर पोचतं.

टायमिंगचं काम एका सिलिंडरच्या इंजिनावर तुम्ही स्वतः करू शकता. एव्ही-1 ला पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या 23 अंश आधी डिझेल सुटायला हवं. तुमच्या इंजिनाचा आकडा प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. फ्लायव्हीलवरची खूण गंजून गेली असेल तर टेपने फ्लायव्हीलचा घेर मोजा. समजा घेर 144 सेंटिमीटर भरला. 360 ने भागलं की एक अंश म्हणजे 4 मिलिमीटर, आणि 23 अंश म्हणजे 92 मिलिमीटर. पिस्टन सर्वांत वर असताना फ्लायव्हीलवर, शेजारच्या स्थिर काट्यासमोर, खडूने एक खूण करा आणि पिस्टन वर पोचायच्या आधी काट्यासमोर येईल अशा बाजूला 92 मिलिमीटरवर दुसरी.

आता पंपावरचा पाइप काढा, स्टॉपचा दांडा चालू स्थितीत ठेवा आणि फ्लायव्हील काही फेरे फिरवून पंपाच्या तोंडाशी डिझेल काठोकाठ आणा. फुंकर मारून वरचा फुगवटा उडवा. मग कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात, दोन्ही टॅपेट सैल असताना, फ्लायव्हील चालत्या दिशेने अगदी हळू फिरवा आणि नजर डिझेलच्या त्या चकचकीत गोलावर ठेवा. तो गोल पहिल्यांदा किंचित हलतो, तीच इंजेक्शनची सुरुवात. तिथे थांबा आणि दुसरी खूण काट्यासमोर आली का बघा. पुढे निघून गेला असाल तर मागे फिरवून जुळवू नका, गिअरमधली ढिलाई फसवते. चांगलं पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या. डिझेल उशिरा हललं तर पंपाच्या बैठकीखालचा एक शिम काढा, लवकर हललं तर एक घाला.

टायमिंग जास्त आधी झालं की इंजिन खटखट ठोकतं, हँडल उलटा फटका मारतं आणि धूर कमी दिसला तरी नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वाढतात. उशीर झाला की ओढ जाते, सायलेन्सर तापतो, धूर वाढतो. म्हणून कानाला बरं वाटेल तिथे ठेवू नका, खुणेवर ठेवा. अनेक सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर मात्र हे काम बेंच असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. पंप सोडण्यापूर्वी पंप आणि इंजिन दोन्हींवर मिळून छिन्नीची एक रेघ मारलीत तर तो परत त्याच जागी बसवता येतो.

इतकं सगळं जागेवर असूनही धूर राहिला तरच पंप उतरवायचा. बेंचवर प्रत्येक एलिमेंट ठरावीक फटक्यांत किती डिझेल देतो ते काचेच्या नळ्यांत मोजतात आणि सगळ्या नळ्या सारख्या भराव्या लागतात. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नरही तिथेच तपासतात. वाढवलेला पंप मूळ आकड्यावर आणला की मालक पहिले दोन दिवस कुरकुर करतात, मग टाकी जास्त चालते असं स्वतःच सांगतात.

आता कॉमन रेल. 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना 2023 पासून ट्रेम-4 चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे, कडक नियम लागू झाले, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत कॉमन रेल आलं. चारचाकी गाड्यांत ते आधीपासून आहे. इथे पंप फक्त दाब तयार करतो आणि कधी, किती उडवायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. दाब 1,600 बार आणि त्याहूनही वर जातो. म्हणून पाइप सैल करून सिलिंडर शोधण्याची वर सांगितलेली पद्धत इथे अजिबात वापरायची नाही, जिवावर बेतेल. इथे रिटर्न बघतात : प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून इंजिन चालवायचं, ज्याची बाटली इतरांपेक्षा फार भरभर भरते, तो आतून झिजलाय. इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळं डिझेल देतो आणि ईसीयू तो फरक कोडवरून भरून काढतो. काढताना कोणता कोणत्या सिलिंडरचा, ते लिहून ठेवा. फिल्टर कंपनीच्याच दर्जाचा घाला. इथे स्वस्तातला फिल्टर सर्वांत महाग पडतो.

फरक पडला की नाही, ते मोजूनच ठरवा. टाकी गळ्यापर्यंत भरा, तेच रान, तोच नांगर, तोच गिअर, मग पुन्हा गळ्यापर्यंत भरताना किती लिटर बसलं ते लिहा. काम करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आणि दुकानातून निघताना चिठ्ठी मागून घ्या : प्रत्येक इंजेक्टरचा आधीचा दाब, नंतरचा दाब, पंप उतरवला असेल तर नळ्यांतलं माप, आणि मीटरवरचे तास. ती मॅन्युअलच्या पाकिटात ठेवा, पुढच्या हंगामात इंजेक्टरबरोबर घेऊन या.